बशीएवढा पोचा

ज्याचा जन्मच उभं राहण्यासाठी झाला, ते रॉकेट चाळीसेक वर्षं मैदानात आडवं पडून होतं. गावातले लोक त्याला रॉकेट म्हणतच नसत, ‘आडवं’ म्हणत. “आडव्यापाशी भेटू,” “आडव्याच्या सावलीत बसलो होतो,” असं. पोरं त्याच्या पोटाखाली लपाछपी खेळली, मोठी झाली, मग त्यांची पोरं खेळली. कारखाना बंद पडला तेव्हा यंत्रं भंगारात गेली, नकाशे कुठे गेले कोण जाणे, आणि हे एवढं धूड कुणाला हलवता येईना म्हणून तेवढं मागे राहिलं. ‘वारसा’, ‘जतन’ हे शब्द फार नंतर आले. तोवर आडव्याच्या पोटात पारव्यांच्या कित्येक पिढ्या सुखानं नांदून गेल्या होत्या.

आडव्याच्या एका कुशीला, साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, एक पोचा होता. चहाची बशी वर धरली तर झाकून जाईल, एवढाच. पण आडवं आकाशात न जाता गवतात का पडलं, त्याचं कारण तो पोचा. आणि पोच्याचं कारण अण्णा.

अण्णा कारखान्यात फिटर होते. तेव्हा रॉकेट उभं होतं, त्याच्याभोवती मचाण होतं आणि अण्णा वरच्या फळीवर बोल्ट आवळत होते. नियम असा, की उंचावर काम करताना हातातलं हत्यार दोरीनं मनगटाला बांधायचं. त्या दिवशी दोरी सारखी मधे येत होती म्हणून अण्णांनी ती सोडली. पाना हातातून निसटला आणि खाली जाता जाता रॉकेटच्या अंगाला लागला. आवाजसुद्धा फार झाला नाही. खाली कुणाचं लक्ष नव्हतं. अण्णा शिडीवरून उतरले, तडक साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, “साहेब, माझ्या हातून पाना पडला.”

आता कुणी म्हणेल, बशीएवढ्या पोच्यासाठी अख्खं रॉकेट बाजूला काढायचं? तर हो, काढायचं. तो इंधनाच्या टाकीचा पत्रा. उडताना आतून असा दाब येतो, की कुठे जराशी कमजोर जागा असली तर तिथूनच फाटायचं. साहेबांनी भिंग लावून पाहिलं, दोनदा मोजमाप घेतलं आणि मान हलवली. याच्या मागचं रॉकेट पुढे आलं, ते उडालं, आपलं काम करून समुद्राच्या तळाशी गेलं. त्याच्यानंतरचीही तशीच गेली. मग ती योजनाच गुंडाळली गेली, आणि सगळ्या भावंडांतलं शाबूत असं एकच उरलं, ते हे पोचा पडलेलं.

अण्णांची नोकरी गेली नाही. त्यांना उंचावरून काढून सामानाच्या कोठारात बसवलं, इतकंच. पण गाव कुठलं सोडतंय! अण्णांचे ‘पोचेअण्णा’ झाले. दुकानात, न्हाव्याकडे, मुलीच्या शाळेत, सगळीकडे. लोक वाईट नव्हते, त्यांना जराशी गंमत हवी होती आणि ती फुकट मिळत होती. अण्णा लोकांसमोर हसून घ्यायचे आणि घरी येऊन गप्प बसायचे. त्या दिवसानंतर त्यांनी आडव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मैदानाला मोठा वळसा घालून कोठारात जायचे, तसेच वळसा घालून परत यायचे.

आई मात्र मैदानातूनच जायची. बाजारातून येताना पिशवी आडव्यापाशी टेकवून दम खायची आणि घरी आली की म्हणायची, “अहो, बशीएवढा तो पोचा, आणि तुम्ही तोंड पाडता केवढं!” अण्णा म्हणायचे, “तू गप्प बस.” हे बोलणं त्या घरात इतक्या वेळा झालं होतं, की बोलणाऱ्यांनाही ते ऐकू येईनासं झालं होतं.

या दोघांची मुलगी चिमी. पन्नाशीला टेकली, निम्मे केस पांढरे झाले, तरी चिमीच. जुन्या वस्तूंची डागडुजी करून त्या लोकांना बघायला ठेवणं, हा तिचा धंदा. दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात तिनं आयुष्य काढलं, जहाजांचे नांगर, छापखान्याची यंत्रं, असलं जडजूड काहीबाही सांभाळत. संसार केला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, “राहून गेलं.” आई आजारी पडली त्याच सुमाराला आडव्यासाठी मोठी इमारत बांधायचं ठरलं, त्याला माणूस हवं होतं, आणि चिमी गावी परत आली. आधी आईचं झालं, मग आडव्याचं सुरू झालं.

आई थंडीत गेली. चिमी रडली नाही. आज येईल, उद्या येईल, अशी रडण्याची वाट बघत राहिली. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, बोट लावलं तर कळतं की लागलं, पण लागत नाही, तसं तिचं सगळ्याच अंगाचं झालं होतं. तिनं आईचे कपडे घड्या करून देऊन टाकले. औषधांच्या बाटल्या टाकल्या. शेजारीण गळ्यात पडून रडली तर तिची पाठ थोपटली आणि तिला पाणी दिलं. आईचा चष्मा तेवढा खिडकीत राहिला होता. तो तिनं उचलला नाही आणि अण्णांनीही उचलला नाही.

घरात आता ही दोघं. आई असताना बापलेक एकमेकांशी आईमार्फत बोलायचे. “तिला सांग, बाहेर थंडी आहे.” “अण्णांना विचार, चहा टाकू का?” सगळी एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण बोलणं आईवरून जायचं. आई गेली आणि ती सोय बंद पडली. आता चिमी विचारायची, “चहा?” अण्णा म्हणायचे, “चालेल.” संध्याकाळी ती विचारायची, “भात?” ते म्हणायचे, “थोडा.” आईचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नव्हतं. ठरवून नाही. काढायचं कुणी आणि कसं, हेच दोघांना माहीत नव्हतं.

त्यामानानं आडव्यापाशी बरं होतं. आडव्यावर आता छप्पर आलं होतं, भिंती आल्या होत्या, सुतारानं त्याच्या अंगाच्या गोलाईबरहुकूम लाकडी पाळणे करून त्यावर ते अलगद ठेवलं होतं. सुतार बडबड्या होता. “ताई, चाळीस वर्षं गवतात झोपलं, आता म्हातारपणी गादी मिळाली बघा,” असं दिवसातून एकदा तरी म्हणायचा. पारव्यांची घरटी काढली. जोडांमधून जमलेली पांढरी भुकटी मऊ कुंचल्यानं झाडली. मग जुने रंग खरवडायचे. वर पांढरा, त्याखाली राखाडी, त्याखाली चक्क हिरवा, कारण कधीतरी कुणाकडे बागेतल्या बाकड्यांचा रंग उरला होता आणि आडव्यावर फासून तो संपवला होता. सगळ्यांच्या तळाशी आडव्याचा मूळचा पांढरा. चिमी एकेक थर सोडवत होती. हात चालायचा, डोकं थांबायचं, आणि तिला तेच हवं होतं.

पोच्यापाशी आली तेव्हा तिथे खरवडायला काही नव्हतंच. रंग कधीच झिजून गेला होता आणि पत्रा गुळगुळीत, चकचकीत झाला होता. येताजाता हात लावल्याशिवाय लोकांना राहवत नसणार. पिशवी टेकवून दम खाताना आईचाही हात तिथेच जात असणार, हे चिमीला कळलं. कळलं, एवढंच. तिनं पत्रा कापसानं पुसला आणि पुढच्या बोल्टाकडे वळली.

संग्रहालयाच्या प्रमुख मॅडम होत्या. चिमीपेक्षा वयानं लहान, हुशार, दिवसभर पायाला भिंगरी. उद्घाटन जवळ आलं तशा त्या एक कागद घेऊन आल्या आणि पोच्यासमोर उभ्या राहिल्या.

“चिमीताई, ऐका. इथे पाटी लावायची. ‘एका कामगाराच्या हातून निसटलेल्या पान्यामुळे हे रॉकेट कधीच उडालं नाही.’ वरून एक छोटा दिवा, बरोबर पोच्यावर. लोकांना इंजिनबिंजिन काही कळत नाही हो, पण हातातून वस्तू पडणं सगळ्यांना कळतं. तुमच्या वडिलांचा तरुणपणचा फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं.”

“विचारते,” चिमी म्हणाली.

जेवताना तिनं सांगितलं. पाटी, दिवा, फोटो, सगळं एका दमात. अण्णांनी घास चावून संपवला, पाणी प्यायले.

“दिवा छोटा म्हणालीस?”

“हो. एवढासा.”

“एवढ्याशा दिव्यात काय मावणार आहे तो?” अण्णांनी दोन्ही हात ताटावरून उचलले आणि हवेत पसरले. मोठ्या खिडकीचं दार उचलून धरावं इतके पसरले. “एवढा आहे. मी वरून पाहिलाय.”

चिमी त्या दोन हातांमधल्या जागेकडे बघत राहिली. रोज तिचा हात पोच्यावरून फिरत होता, तो तिच्या तळव्यात मावत होता. पण बशीएवढा म्हणणं हे आईचं काम होतं.

“बुजव तो,” अण्णा म्हणाले.

“असं नाही करता येत अण्णा. वस्तू जशी आहे तशी ठेवायची असते.”

“तुमच्यात काय असतं ते मला नको सांगूस. काम तुझ्या हातात आहे ना? मग बुजव. उभा जन्म मी लोकांची तोंडं बघितली. आता त्याच्यावर दिवा सोडणार, तिकीट काढून माणसं येणार, पोराबाळांना बोट दाखवून सांगणार. मी आहे तोवर तरी नको. नंतर हवं तर नगारे वाजवा.”

अण्णांनी आजवर लेकीकडे काही मागितलं नव्हतं. आई गेल्यावर तर मीठसुद्धा मागत नसत, कमी असलं तरी तसंच जेवत. चिमी म्हणाली, “बरं.” बापाची कीव आली म्हणून म्हणाली असं सांगता आलं असतं, पण खरं तसं नव्हतं. नाही म्हणायला अंगात जी धग लागते ती तिच्यात नव्हती, म्हणून ती बरं म्हणाली.

मॅडमना तिनं दुसऱ्या दिवशी सरळ सांगून टाकलं. मॅडमच्या कपाळावर आठ्या चढल्या.

“बुजवायचा? अहो, हा पोचा आहे म्हणून ही वस्तू आहे! तो बुजवायचा म्हणजे काय?”

“मेणाचं भरण करीन. खाली आधी पातळ लेप, म्हणजे मेण पत्र्याला धरणार नाही. ऊब दिली की सगळं एका तुकड्यात निघेल. जे लावायचं ते काढता आलं पाहिजे, हा नियम मी मोडत नाहीये.”

“आणि पाटी?”

“पोचा नाही तर पाटी कसली?”

मॅडम जवळ आल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “ताई, तुमची आई जाऊन अजून...”

“त्याचा याच्याशी काही संबंध नाही,” चिमी म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटत होतं.

“ठीक आहे. पण घरबसल्या हुकूम नाही चालायचा. सुट्टीच्या दिवशी वडिलांना इथे आणा. त्यांनी स्वतः बघून सांगितलं की असंच राहू दे, तर राहील. मी पाटी करत नाही. त्यांनी यायला मात्र पाहिजे.”

चिमी कामाला लागली. आधी लेप दिला, तो वाळू दिला. मग मेण पातळ करून थराथरानं भरलं, प्रत्येक थर निवला की वर पुढचा. आडव्याच्या अंगाची गोलाई पोच्यावरून अखंड जायला हवी होती, म्हणून सुतारानं पातळ लाकडाची एक पट्टी त्या गोलाईची कापून दिली. पट्टी फिरवायची, उजेड कुठून डोकावतो बघायचं, तिथे मेण घासायचं. वर रंग बसवला, नवा वाटू नये म्हणून तो जरा मळवला. सगळं झाल्यावर तिनं दिवा आडवा धरून पाहिलं. उजेड आडव्याच्या अंगावरून सरळ घसरत गेला, कुठे अडखळला नाही.

“ताई, चोराच्या बापाला सापडायचा नाही,” सुतार म्हणाला.

काम चोख झालं होतं. एरवी असं काम झालं की चिमी दिवसभर हवेत असायची. आता तिनं डबे झाकले, हात धुतले आणि घरी गेली.

अण्णा यायला तयार नव्हते. “तू सांगतेयस ना बुजवला, मग बुजवला,” म्हणाले.

“मी सांगितलेलं चालतं होय? तुम्ही कोठारात कुणाच्या शब्दावर माल घेत होता का? हात लावून बघायचात.”

अण्णा काही वेळ पायांकडे बघत बसले. मग उठले आणि पलंगाखालचे बूट काढून त्यांच्यावरची धूळ पुसायला लागले. कामाला जायचे तेच बूट होते.

सुट्टीच्या दिवशी इमारतीत दोघांशिवाय कुणी नव्हतं. सुतारानं कुलूप उघडून दिलं, आणि का कोण जाणे, बडबड न करता निघून गेला. अण्णा दारात थांबले. आडवं त्यांच्यासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं होतं, पांढरंशुभ्र. चिमीला वाटलं, हे आता मागे फिरणार. पण ते आत आले, आडव्याच्या शेपटाकडे गेले, तिथे त्यांनी तळवा टेकवला आणि तो न उचलता चालायला लागले. जोडावरून, बोल्टांच्या रांगेवरून, पुढच्या जोडावरून. चिमी मागून चालत होती. एका ठिकाणी हात आपोआप थांबला. कुणाला दाखवावं लागलं नाही.

अण्णांनी तिथे तळवा पुढे नेला, मागे घेतला, गोल फिरवला. बोटांच्या पेरांनी चाचपलं. नखानं हलकेच ओढलं.

“सफाई आहे हाताला,” ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा बापानं कामाला चांगलं म्हटलं. चिमीनं ते ऐकलं आणि मान डोलावली. आत काही हललं नाही.

“मग असंच राहू दे म्हणून सांगू मॅडमना?”

त्यांचा हात अजून तिथेच फिरत होता. मग ते म्हणाले, “चिमे, हे उडालं का नाही?”

“म्हणजे?”

“उद्या कुणी इथे उभा राहिला आणि विचारलंन, इतकं धडधाकट दिसतंय, मग हे उडालं का नाही? तर काय सांगाल?”

“सांगू, योजना बंद पडली.”

“खोटं. याच्या मागचं उडालं. मैदानात सगळा गाव जमला होता, मी कोठाराच्या खिडकीतून पाहिलं.” अण्णा आडव्याकडे तोंड करूनच बोलत होते. “मग लोक काय म्हणतील? म्हणतील, ह्याच्यातच काहीतरी खोट असणार. आतून नासकं निघालं असणार. अगं, याच्यात इतकीशी खोट नव्हती. एक बोल्ट ढिला नव्हता. आम्ही सगळ्यांनी जीव ओतला होता याच्यात. जे काय झालं ते माझ्या हातून झालं. माझं झाकायला याच्या नावाला बट्टा लावायचा?”

“अण्णा...”

“काढ ते.”

चिमीच्या कानशिलांत काहीतरी गरम झालं. तिला राग आला होता. कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी आलं होतं, आणि तो राग होता. “पोरखेळ आहे का हा? तुम्ही म्हणालात म्हणून मी केलं. मॅडमशी भांडले. दिवसचे दिवस घासत बसले. आणि आता काढ?”

“काढता येतं ना?”

“येतं.”

“मग काढ. पाटी लावा म्हणावं. दिवा पण लावा. फक्त पाटीवर एवढं घाला, की कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतः खाली येऊन सांगितलं.”

चिमी फणकाऱ्यानं कपाटाकडे गेली. हीट गन काढली, केस वाळवायच्या यंत्रासारखीच असते ती, फक्त जास्त तापट. लाकडी चपटी पट्टी घेतली. परत आली तर अण्णा तिच्या हाताकडे बघत होते.

“दोरी कुठाय?”

“कसली दोरी? जमिनीवर उभे आहोत आपण.”

“दोरी बांध.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. सुताराच्या टेबलावरून तिनं सुतळीचा तुकडा आणला. अण्णांनी तो तिच्याकडून घेतला, एक टोक हीट गनच्या मुठीला बांधलं आणि दुसरं तिच्या मनगटाला. गाठ त्यांनी एकदाच मारली आणि ती पक्की बसली.

तिनं ऊब दिली. आधी कडेनं, मग मध्ये, पुन्हा कडेनं. मेणाचा वास सुटला. कड सुटी झाली तशी तिनं पट्टी सरकवली, आणि अख्खं भरण एका तुकड्यात, न मोडता, तिच्या तळव्यावर आलं. एका अंगाला पांढरा रंग, दुसऱ्या अंगाला जरासं फुगीर, पोच्याचा आकार घेतलेलं. तिनं ते अण्णांच्या हातावर ठेवलं.

अण्णांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. मग हात पुढे करून ते वाट बघत राहिले.

“बाकीचं?” ते म्हणाले.

“बाकीचं काय?”

“बाकीचं भरण. हे झालं एक. बाकीचा पोचा?”

“एवढाच आहे अण्णा.”

ते आडव्याकडे वळले. पोचा आता उघडा होता, ओल्या कडेचा, आत चकचकीत. त्यांनी त्यावर तळवा ठेवला. तळव्याखाली तो सगळाच्या सगळा झाकून गेला. त्यांनी हात काढून पुन्हा पाहिलं, पुन्हा ठेवला.

“एवढाच?”

“एवढाच. बशीएवढा.”

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला कळलं तो कुणाचा होता. अण्णांनाही कळलं. ते हातातल्या तुकड्याकडे बघत उभे राहिले, आणि चिमी दुसरं काही सुचेना म्हणून राहिलेली कड साफ करायला पुन्हा ऊब देऊ लागली.

“ती सारखी सांगायची,” अण्णा म्हणाले. “जाता येता सांगायची. आणि मी आपलं, तू गप्प बस, तू गप्प बस.” ते थांबले. “बसली शेवटी.”

तेव्हा चिमीची आई गेली. थंडीत गेली होती, ती चिमीच्या लेखी आत्ता गेली, आडव्यापाशी, भर दुपारी. पोटातून असा आवाज आला की तिला वाटलं दुसरंच कुणीतरी ओरडलं. डोळ्यांना दिसेनासं झालं, आईचा चष्मा खिडकीत आहे, तिला तिकडे दिसत नसेल, असलं काहीतरी येड्यासारखं ती बोलत होती आणि रडत होती, हातात चालू हीट गन तशीच धरून.

अण्णांनी मेणाचा तुकडा सदऱ्याच्या खिशात टाकला आणि सुतळी बांधलेलं तिचं मनगट धरून हळूच बाजूला वळवलं.

“रड तू, रड,” ते म्हणाले. “पण हे तेवढं लांब धर. पत्रा पातळ असतो गं.”